संगीत, राज्यशास्त्र आणि सुनांची मते

शके १८६०, चैत्र वद्य ८, शुक्रवार. शहादे.

प्रमिला आज पुण्याहून आली. सोबत ट्रंक, वळकटी आणि तंबोरा. नंदुरबारहून येताना मोटारवाल्याने तंबोऱ्याला माणसाचे भाडे लावले. जागा अडवतो म्हणाला. मी सोबत असते तर मांडीवर घेऊन फुकट आणला असता. ही पुण्याला जाऊन भांडायचे विसरली.

तिने मला ही वही आणली. तिकडे मुलींना रोजनिशी लिहायला सांगतात. मी हिशेब रोज लिहिते, तेवढे पुरे होते. पण कोरी वही वाया घालवणे बरे नव्हे.

प्रमिला ही यांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी लग्न झाले, तेराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले. नवऱ्याचे तोंडही तिने नीट पाहिले नव्हते. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून ती माझ्याजवळ वाढली. मी धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मी डाळ निवडताना तिला वाचायला बसवत असे. निवडलेली डाळ व वाचलेले पान बरोबर संपत असे. पुढे यांनीच तिला पुण्याला बायकांच्या विद्यापीठात धाडले. दोन वर्षे झाली, शेवटचे एक राहिले.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. नाव लिहिणे म्हणजे घेणेच का, याबद्दल मला कुठल्या पोथीत काही सापडले नाही. म्हणून लिहीत नाही.

चैत्र वद्य १०

प्रमिलाचे विषय संगीत आणि राज्यशास्त्र. मी विचारले, ही जोडी कशी जमली? एक तर गाणारीण हो, नाही तर वकीलीण. ती म्हणाली, “वहिनी, दोन्ही वर्ग एकाच मजल्यावर भरतात. पावसात बाहेर जावं लागत नाही.” हे कारण मला पटले.

सकाळी पूजेनंतर ती ओसरीत तंबोरा घेऊन बसते. वेळ वाचावा म्हणून तंबोरा छेडता छेडताच राज्यशास्त्राचे पुस्तक पाठ करते. आज ‘सार्वभौम सत्ता’ भैरवात झाली. ज्याच्यावर कोणी नाही आणि ज्याचा शब्द सगळे पाळतात ती सार्वभौम सत्ता. मी गहू चाळत होते. म्हटले, म्हणजे आमच्या सासूबाई होत्या तशी. ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, “अगदी बरोबर.”

शेजारच्या भिकुबाईंनी कुंपणावरून विचारले, “कोनतं स्तोत्र शे वो हाई?” मी सांगितले, नवे आहे. खोटे नाही.

चैत्र वद्य १२

हे मुन्शिपाल्टीच्या निवडणुकीला उभे आहेत. मला आज कळले. भाऊबंदकीला महिनाभर आधी ठाऊक होते.

समोर मगनशेठ, बाजारातला किराणा दुकानदार. पुरुषांची मते निम्मी-निम्मी पडतील असा अंदाज आहे. पण यांनी एक युक्ती करून ठेवली आहे. नव्या यादीत ज्याच्या नावे घरपट्टी त्याला मत, मग बाई असो की बुवा. यांनी मार्गशीर्षातच आमच्या भाऊबंदकीतली सगळी घरे सुनांच्या नावे करून घेतली. म्हणजे पुरुषांची मते शेतसाऱ्यावर आणि बायकांची घरपट्टीवर. आमचे घर माझ्या नावे आहे, तेही मला आजच कळले.

प्रमिला म्हणाली, “दादा, हे तर पुस्तकात घालण्यासारखं आहे.” हे खूष झाले. म्हणाले, “तुन्हा पुस्तकवाल्यास्ले सांग, शहादाले ये आणि दखी जाय.”

हँडबिले छापून आली. त्यांवर यांचे नाव फार मोठ्या अक्षरांत आहे. चूल पेटवायला उपयोगी पडणार नाहीत.

वैशाख शु. १, रविवार

आज लोटन पाटील आले. आमच्याच वॉर्डात खालच्या गल्लीत राहतात. ती गल्ली सगळी त्यांच्या शब्दात. सोबत भाचा चुनीलाल, धानोऱ्याचा. बायको गेली, तीन लेकरे. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरे लग्न होते, त्यात वावगे काही नाही. वावगे काय ते पुढे आले.

लोटन पाटील चहा बशीत ओतत म्हणाले, “जिभाऊ, मन्ही गल्ली तुम्हनी. तुम्ही मेंबर व्हई जा, आखाडना आधी पाट लाई देऊत.” यांना सगळे भाऊबंद आणि सोयरे जिभाऊ म्हणतात.

हे म्हणाले, “आणि नई व्हयनू मेंबर त?”

“मंग राम राम. मेंबरनी बहीन म्हनीन लेतस आम्ही. नई ते पुनाम्हान गानं शिकेल पोर घरमा कोन लेई?”

असे तोंडावर बोलले. मी आत पापड लाटत होते. पापड जरा पातळ झाले.

चुनीलाल वाईट माणूस दिसत नाही. मान खाली घालून बसला होता. ओसरीत तंबोरा दिसला तेव्हा एवढेच विचारले, “हाई किती येळ चालस?” प्रमिलाने सांगितले, “दोन तास सकाळी, दोन संध्याकाळी.” त्याने मामाकडे पाहिले. मामा म्हणाले, “बंद व्हई जाई.”

यांनी हो म्हटले आणि नारळ दिला.

 दुपारी प्रमिलाने मला तारखा सांगितल्या. कॉलेज वीस जूनला उघडते. त्या दिवशी हजर नसेल तर नाव कमी करतात, आणि मग पहिल्या दोन वर्षांचेही काही उरत नाही.

वैशाख शु. ३. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

पितरांची घागर भरली, पुरणाचे मांडे आणि आमरस केला. सणाला गावात पुरुष जुगार खेळतात, आमचे हे प्रचार खेळत होते.

लेकी माहेरी आल्या आहेत. मारुतीच्या पाराजवळच्या निंबाला झोके बांधले. लेकी झोक्यावर, आम्ही सुना खाली उभ्या. प्रमिला झोक्यावर बसली आणि गौराईचे गाणे म्हणू लागली. आवाज लावला तोच वेगळा. आधी पोरी गप्प झाल्या, मग झोका देणाऱ्या थांबल्या, मग जुगाराच्या पाटावरून माणसे उठून आली. डाव टाकून आखाजीला माणूस उठलेला मी आजवर पाहिला नव्हता.

मला काय वाटले ते लिहायचे तर, हातातल्या वाटीत रस तसाच राहिला आणि त्यावर माशी बसली. तो टाकावा लागला.

हे गर्दीच्या मागे उभे होते. गाण्याकडे लक्ष नव्हते, डोकी मोजत होते. घरी येऊन म्हणाले, “प्रमिले, याच चालवर मन्हं एक गानं बनाव.”

वैशाख शु. ५

जेवताना यांच्याशी बोलून पाहिले. म्हटले, एक वर्ष राहिले आहे. वर्षाने पाट लावता येईल, परीक्षा वर्षाने देता येणार नाही.

हे म्हणाले, “राजकारण तुले नई समजत.”

मी म्हटले, समजत नाही खरे. म्हणूनच विचारते, मते खालच्या गल्लीची आणि पाट प्रमिलाचा, यात मेंबर कोण होणार?

हे म्हणाले, “भाकर वाढ.”

वाढली.

वैशाख शु. ८

गाणे तयार झाले. प्रमिलाने मुकाट्याने केले. राज्यशास्त्रात याला काय म्हणतात असे मी विचारले. “तह,” ती म्हणाली. “हरलेल्याने करायचा असतो तो.”

गाणे असे—

आंबाले बांधा झोका, झोका जाई गावभर,
मुन्शिपाल्टीले धाडा — —, दिवा लागी दारभर.

रेघा मारल्या तिथे यांचे नाव आहे. चालीत नाव फार चपखल बसले आहे.

संध्याकाळी ओसरीत बायका जमल्या. दुसरी ओळ म्हणायची वेळ आली तसे सुनांनी पदर तोंडात घेतले. भिकुबाई यांच्या चुलतभावाची बायको, यांच्याहून वयाने मोठी पण नात्याने धाकटी, म्हणजे हे तिचे थोरले दीर. म्हणाल्या, “माय वो, जेठनं नाव मी कसं लेऊ? इतला पिकेल केस घीसन आते निलाजरी व्हऊ का?”

प्रमिला म्हणाली, “गाण्यात चालतं की, भिकुवहिनी. उखाण्यात नाही का घेत?”

“उखाणा स्वतःना धनीना. जेठना उखाणा ऱ्हास का कोठे?”

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. घरातली थोरली मी, शिकलेलीही मी. मी निकाल दिला. नाव लेकींनी म्हणायचे, सुनांनी नुसते ‘दिवा लागी दारभर’ म्हणायचे. निवडणूक तीन वर्षांनी येते, रीत रोजची आहे.

सगळ्यांना पटले. गाणे छान उठले. हे बाहेर बाजेवर पडून ऐकत होते आणि पायाने ठेका धरत होते.

वैशाख पौर्णिमा, शनिवार

प्रकाशा गावी जाऊन तापीत स्नान केले, केदारेश्वराला अभिषेक केला. यांना यश दे असे मागायला गेले होते. पिंडीसमोर हात जोडले आणि तेवढेच मागता येईना. शेवटी म्हटले, देवा, जे योग्य असेल ते कर. फक्त वीस जूनच्या आत कर.

वैशाख वद्य ४

आज वकील आले होते. यांचे निवडणुकीचे काम ते पाहतात. त्यांनी मतदानाची रीत समजावून सांगितली. ज्याला लिहिता वाचता येते त्याने कागदावर स्वतः फुली करायची. येत नाही त्याने आत बसलेल्या साहेबाजवळ उमेदवाराचे नाव तोंडाने सांगायचे, साहेब फुली करणार. साहेब स्वतः नाव उच्चारणार नाही. त्याने उच्चारले तर त्याने सुचवले असे होते.

वकील म्हणाले, “बायकांची तेवढी तालीम करून घ्या. आमच्याकडे ही अडचण फार येते.”

हे हसले. “त्यास्नी तालीम केव्हाज व्हई गयी. गानं म्हनतस बठ्ठ्या.” मग मला म्हणाले, “तू दखी ले बरं.”

मी म्हटले, पाहून काय घेऊ? मला स्वतःला तुमचे नाव घेता येत नाही, मी त्यांना काय शिकवू?

“तू नको शिकाडू. प्रमिला शिकाडी.”

तेवढ्यात लोटन पाटलांचा निरोप आला की पोरीला आता घराबाहेर गाण्याला धाडू नका, चार लोकांत दिसू देऊ नका, मतदानाच्या दिवशी तर मुळीच नाही. होणाऱ्या सोयऱ्यांना ते बरे दिसत नाही. यांनी तेही मान्य केले.

आता खरे सांगायचे तर त्या वेळी मी म्हणू शकले असते की अहो, नाव लेकी म्हणतात, सुना नुसता दिवा लावतात. मी बोलले नाही. विचारले नसताना पुरुषांच्या बोलण्यात पडू नये असे आईने शिकवले आहे. याखेरीज माझ्या मनात दुसरे काही होते का, याचा विचार करायला बसले होते, पण दूध उतू जाऊ लागले म्हणून उठले.

वैशाख वद्य ११, बुधवार

एकादशी आणि मतदान एकाच दिवशी आले. उपास असल्याने स्वयंपाकाची घाई नव्हती, एवढे बरे झाले.

सकाळीच दोन छकड्यांना पडदे लावून सगळ्या सुना निघालो. प्रमिला दारात उभी होती. नेहमी दिवसभर बडबडणारी, पण आज तिने मला एवढेच विचारले, “वहिनी, फुली कशी करायची माहीत आहे ना?” मी म्हटले, मॅट्रिकला भूमिती होती.

वाटेत सगळ्यांनी गाणे म्हटले. नावाच्या जागी लेकी नव्हत्या, म्हणून तिथे नुसत्या टाळ्या वाजवल्या.

शाळेच्या पडवीत बायकांसाठी वेगळी खोली होती. साहेब बाहेरगावचे, तरुण, चष्मा, फार सभ्य. मी शिकलेली म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली आणि बसून घ्या म्हणाले. म्हणून मला सगळे ऐकू आले.

पहिल्या भिकुबाई.

“बाई, मत कोणाला?”

“जिभाऊले.”

“असं नाव कागदावर नाही.”

“कसं नई? बठ्ठा गाव म्हनस.”

“कागदावरचं नाव सांगा.”

“ते माले कसं सांगता यी, भाऊ? जेठ शे तो मन्हा.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. “बाई, मला नाव ऐकल्याशिवाय फुली करता येत नाही.”

“तुमले ठाऊक शे ना पन?”

“मला ठाऊक असून चालत नाही.”

भिकुबाई माझ्याकडे वळल्या. “देख माय, ठाऊक शे आनि नई म्हनस. कसा साहेब शे हाऊ?”

त्या बाजूला बसल्या. मग सुंदरबाई, यांच्या चुलतपुतण्याची बायको. ती लहान, नववधूसारखी लाजते. हे तिचे चुलतसासरे लागतात. साहेबांनी विचारले तशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “दिवा लागी दारभर.”

“असा उमेदवार नाही.”

तिने पुन्हा म्हटले, या खेपेला चालीवर.

त्यानंतरच्या बायकांनी निरनिराळे सांगितले. “ओसरीवाला.” “मगनशेठ नई, दुसरा.” “ज्यासना घरनी सून शे मी ते.” एकीने घरून आणलेले हँडबिल दाखवले. साहेबांनी ते पाहिलेच नाही असे केले. प्रचाराचा कागद आत चालत नाही. त्यांनाही घाम आला होता. अखेर म्हणाले, “या घरची कोणी मुलगी नाही का? माहेरची? ती आली तर प्रत्येक बाईसाठी नाव सांगू शकेल, मी तेवढी सवलत देतो.”

मी म्हटले, आहे एक. उमेदवारांची सख्खी बहीण. नाव घ्यायला तिला काहीच अडचण नाही. आवाजही स्पष्ट आहे.

“मग बोलवा ना तिला.”

मी पडद्याबाहेर वकिलांना निरोप दिला. वकील यांच्याकडे गेले. हे लोटन पाटलांशेजारीच बसले होते. थोड्या वेळाने वकील परत आले, तोंड उतरलेले. लोटन पाटील नाही म्हणाले. पोर चार लोकांत येऊन नावे पुकारू लागली तर पाट मोडला म्हणाले, आणि खालची गल्ली अजून मतदानाला निघायची होती.

वकील हुशार. त्यांनी साहेबांना विचारले, उमेदवार स्वतः पडद्यापाशी येऊन उभे राहिले आणि बायकांनी बोट दाखवले तर? साहेबांनी नियम वाचला, पुन्हा वाचला आणि नाइलाजाने हो म्हणाले. वकील धावत गेले. या खेपेला यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

“भावजयास्ना समोर जाईसन उभा राहू? सुना बोट दाखाडतीन माले? वकीलसाहेब, डोकं ठिकानावर शे का?”

खरेच आहे. जेठाने भावजयीसमोर येऊ नये. यांनी ही रीत कधी मोडली नाही, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे.

दुपार झाली. उपासाने बायकांना चक्कर यायला लागली. काही जणी परत छकड्यात जाऊन बसल्या. भिकुबाई मात्र उठल्या, पदर खोचला आणि साहेबांसमोर गेल्या.

“मगनशेठले दी टाक.”

साहेबांनी चमकून पाहिले. “नक्की?”

“त्यानं नाव त रोजच लेतस, गूळ लेवाले. इतला उन्हामा इतली लांब उनू, मत फुकट जाऊ देऊ का?”

साहेबांनी फुली केली. ते ऐकून आणखी काही जणी उठल्या. मत फुकट जाऊ नये हे सगळ्यांना पटण्यासारखे होते. मला स्वतःला नासाडी आवडत नाही, त्यामुळे मी काही म्हणू शकले नाही. सुंदरबाईने मात्र मत दिले नाही, तिला मगनशेठचे नाव घ्यायचीही लाज वाटली.

शेवटी मी. कागद घेतला, आडोशाला गेले. दोन्ही नावे छापलेली होती. यांचे नाव वाचले. वाचायला हरकत नाही. टाक साहेबांचा होता, निब चांगले होते.

प्रमिलाच्या पुस्तकात आहे की मत गुप्त असते आणि ते कोणालाही सांगण्याची सक्ती नाही. वही म्हणजे कोणी तरी झालेच. म्हणून लिहीत नाही.

वैशाख वद्य १२

मगनशेठ निवडून आले. थोडक्यात. वकील म्हणाले, निम्म्या सुनांनी नाव घेतले असते तरी काम झाले असते.

हे घरी आले, हात पाय धुतले, जेवले. ताटात काही टाकले नाही. मग ओसरीत बसून राहिले. भाऊबंद एकेक येऊन गेले आणि प्रत्येकाने साहेबाला शिव्या दिल्या. साहेब बिचारा नियमाने वागला.

भिकुबाई संध्याकाळी कुंपणापाशी रडल्या. “मन्हाकडथून काय व्हई गयं वो? जिभाऊ काय म्हनतीन?” मी म्हटले, तुम्ही रीत पाळली, ते काय म्हणणार?

वैशाख अमावास्या, रविवार

लोटन पाटलांकडून नारळ परत आला. सोबत निरोप की धानोऱ्याला दुसरे स्थळ पाहिले आहे. नारळ घेऊन चुनीलाल स्वतः आला होता. जाताना प्रमिलाला म्हणाला, “आखाजीनं गानं मीबी ऐकं व्हतं. चांगलं व्हतं.” आणि गेला. म्हटले ना, वाईट माणूस नव्हता.

नारळ उद्याच्या चटणीला घेतला.

ज्येष्ठ शु. ४

निकालापासून हे तंबोऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. प्रमिला सकाळी बसत नाही, दार लावून नुसते वाचते. आज यांनी न्याहारी झाल्यावर विचारले, “आज गानं नई का?”

तिने तंबोरा काढला. हे तिथेच बसले. ती तोडी गायली. गाणे संपले तरी हे उठेनात.

मग म्हणाले, “प्रमिले, तुन्हं पुस्तक काय म्हनस? मी काब्र पडनू?”

प्रमिलाने तंबोरा आडवा ठेवला. मला वाटले आता ही हरण्याचे कारण म्हणून सुनांचे सांगेल, नावाचे सांगेल, किंवा लोटन पाटलांचे. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, “दादा, तो धडा शेवटच्या वर्षाला आहे.”

यांनी तंबोऱ्याकडे पाहिले. मग उठले, टोपी झटकली. “मंग जाय. शिकी ये. पुढली खेपले कामे यी.”

ती माजघरात आली आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. माझ्या हाताला पीठ होते, म्हणून मी कोपराने थोपटले. लुगड्याला पीठ लागले तर धुवावे लागते.

ज्येष्ठ पौर्णिमा, रविवार. वटपौर्णिमा.

उपास. वडाला सूत गुंडाळले. सात जन्म हेच पती मागितले. खरेच मागितले.

ज्येष्ठ वद्य ५, शनिवार

प्रमिलाला पोचवायला आम्ही दोघे छकड्याने नंदुरबारला गेलो. मोटारवाल्याला तंबोऱ्याचे भाडे द्यायचे नाही, असे मी आधीच ठरवले होते. बैलांना तंबोरा काय अन् गाठोडे काय.

स्टेशनवर यांनी तंबोरा स्वतः उचलून डब्यात नेला. एका बाईने विचारले, “भजनी मंडळ आहे का?” हे म्हणाले, “नई. विद्यापीठ शे.” आवाज जरा मोठा होता. डब्यातल्या चार जणांनी वळून पाहिले.

प्रमिला पाया पडली. मी तिला सांगितले, तारा तिथे महाग मिळतात, हळू छेड. ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही इथे कशाला राहता? तुम्हीच या माझ्या वर्गात.” वेडी आहे. एकाच मजल्यावर असले म्हणून काय झाले, घर कोण पाहणार?

गाडी सुटली. आम्ही परत निघालो.  ऊन उतरल्यावर, तापी जवळ आली तेव्हा यांनी कासरा सैल सोडला आणि पुढे पाहतच म्हणाले, “एक इचारू का?”

मी म्हटले, विचारा.

“मत तू कोनले दिधं?”

मी म्हटले, मत गुप्त असतं. कोणालाही सांगायची सक्ती नाही. तुमच्या बहिणीच्या पुस्तकात आहे.

 बैल आपल्या चालीने चालले होते. बऱ्याच वेळाने यांच्या खांद्याकडे लक्ष गेले, ते हलत होते. मला वाटले रडतात की काय. नीट पाहिले तर हसत होते.

म्हणाले, “तिले धाडी दिधी, चुकनंच मन्हं.”

मी म्हटले, आगगाडी आता दोंडाईचाच्या पुढे गेली असेल.

“ते माले बी ठाऊक शे,” असे म्हणून यांनी बैलांना हाक मारली.